राखणीचा दगड

“त्या खोलीतला एक गेला,” सून म्हणाली. “कोण गेला ते फोन करणाऱ्याला सांगता येत न्हाय.”

डंक चालू होता. मिरची कांडायच्या यंत्राचा आवाज एवढा असतो की माणूस शेजारी ओरडला तरी तोंड हललेलं दिसतं, शब्द येत नाही. मी तिला परत सांगायला लावलं. तिनं तेच, त्याच शब्दांत परत सांगितलं. मग मी बटण दाबून यंत्र बंद केलं. पिशव्या घेऊन बसलेल्या बायका जवळ आल्या.

“खोलीत किती जण असत्यात?” त्यांतल्या एकीनं विचारलं.

“दोघं,” मी म्हणाले.

एक माझा मुलगा. दुसरा कबनूरचा. कबनूरचा आधी यंत्रमागावर होता. मागाचं सुटं केलेलं यंत्र डोळे झाकून जोडायचा, असं माझा मुलगा सांगायचा. तोच आधी आखातात गेला आणि वर्षाभरानं त्यानंच माझ्या मुलाला तिथं लावलं. काम कपडे धुवायचं. आखातातला देश लहान. त्याच्या जमिनीवर एका मोठ्या देशाची लष्करी छावणी आहे आणि छावणीतल्या शिपायांचे कपडे आमची मुलं धुवायची. मोठमोठी यंत्रं होती तिथं. एक भरायचा, एक चालवायचा. छावणीच्या भिंतीला लागून कामगारांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या, त्यातल्या एका खोलीत दोघं राहायचे.

देशांची नावं मी लिहीत नाही. माझ्या डंकावर मी पाहिलंय, नाव घेतलं की माणसं बाजू घेतात आणि मग पुढचं कुणी ऐकत नाही.

लढाई सुरू झाली तेव्हा ऐन चटणीचा हंगाम होता. दिवसभर माणसं यायची आणि दिवसभर तेच बोलणं. मी चौथी शिकलेली. मला एवढंच समजून घ्यायचं होतं की लढाई मोठ्या देशाची आणि तिसऱ्याच कुठल्या देशाची असेल, तर माझ्या मुलाच्या खोलीवर अग्निबाण कशाला येतील. नेसरीकडचे एक सुभेदार आमच्या गल्लीत राहतात, लष्करातून निवृत्त झालेले. बायकोची मिरची स्वतः निवडून आणतात, देठ ठेवत नाहीत. मी त्यांना विचारलं.

ते म्हणाले, “तो लहान देश मोठ्याचा दोस्त हाय. दोस्ताला मदत करायची असली की मोठा तीन कामं करतो. हत्यारं देतो, पैसा देतो, आणि आपली छावणी त्याच्या घरात टाकून बसतो.”

“ही मदत कुणाची कुणाला?”

“म्हणजे?”

“घर त्याचं, आणि बसलाय ह्यो.”

सुभेदार हसले. “मावशी, तुमी लष्करात पायजे हुता. पण घाबरू नका. वरनं काय आलं तर छावणीतली यंत्रं वरच्या वर फोडत्यात.”

“फोडल्यालं कुठं पडतंय?”

“खाली.”

“खाली कोण हाय?”

त्यांनी मिरचीची पिशवी उगाच झटकली आणि म्हणाले, “ते खरं हाय.”

त्या आठवड्यात मुलाचा फोन आला तेव्हा मी तेच विचारलं. तो म्हणाला, रोज आकाशात काहीतरी फुटतं, पण छावणीचा नेम चांगला आहे. भोंगा वाजला की घरात जाऊन खिडकीपासून लांब बसायचं, असं त्यांना सांगितलेलं होतं.

“शिपाई कुठं बसत्यात?”

“त्यास्नी जमिनीखाली खोली हाय.”

“आणि तुमास्नी?”

“आमास्नी पलंग हाय की. त्याच्या खाली.” मागून कबनूरचा ओरडला, “चाची, तुमचा पोरगा पलंगाखाली मावत न्हाय, चटणी कमी पाठवा.” दोघं हसत होते. मी पण हसले असेन. आठवत नाही.

माझं माहेर कुरुंदवाडजवळचं. मी लहान असताना आमच्या मळ्यांत सगळीकडं ज्वारी असायची. कणसात दाणा भरला की पाखरं यायची आणि राखण बसायची. आमच्या पट्टीत राखणीला एकच माणूस होता, शेजारचा मोठा शेतकरी. त्याच्यासारखी गोफण पंचक्रोशीत कुणाला मारता येत नव्हती. तो सगळ्यांच्या वावरावरची पाखरं हाकायचा आणि बदल्यात आम्ही त्याच्या उसाला पाणी पाजायला जायचो. हा पैरा. कागद नाही, पैसा नाही, काम दिलं की काम घ्यायचं. राखणीचा माळा, म्हणजे उभं राहायचं मचाण, त्यानं आमच्या वावरात बांधला होता, कारण तिथून त्याची ज्वारी नीट दिसायची. वडील कधी काही बोलले नाहीत. सगळ्यांची कणसं राहत होती.

पण गोफणीतनं सुटलेला दगड पाखराला लागो न लागो, कुठंतरी पडतोच. म्हणून एक रीत होती. दगड सोडायच्या आधी तो लांब हाळी द्यायचा. ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असते, आत गवत काढणाऱ्या बाया दिसत नाहीत. हाळी ऐकली की आत असेल त्यानं उभं राहायचं, बांधावर यायचं आणि डोक्यावरचं फडकं हलवायचं. मग तो दुसरीकडं मारायचा. खाली वाकून बसलेल्यालाच दगड लागायचा, कारण तो दिसायचा नाही. माझ्या चुलतीला तसाच लागला होता, खांद्यावर. वडील म्हणाले, उभी का राहिली नाहीस. दगड मारणाऱ्याला कुणी काही बोललं नाही. तो आमची राखण करत होता.

माझा मुलगा सुट्टीत आजोळी जायचा, तेव्हाही तिथं राखण बसायची. त्यालाही हाळीला उभं राहायची सवय लागली होती. लहानपणी शाळेची घंटा झाली तरी आधी उभा राहायचा आणि मास्तर हसायचे.

हे सगळं मला त्या दिवशी आठवलं नाही. त्या दिवशी मला काहीच आठवत नव्हतं. सून मुलाचा फोन लावत होती आणि तो लागत नव्हता. ज्यानं बातमी दिली तो तिथलाच एक कामगार होता, लांबच्या खोलीतला. त्याला एवढंच माहीत होतं की सकाळी आकाशात फुटलेलं काहीतरी जळत त्या खोलीवर पडलं, पत्रा गेला, एकाला झाकून नेलं आणि दुसरा दिसत नाही. नंतर त्याचाही फोन लागेना.

बायका आपापल्या पिशव्या ठेवून गेल्या. कुणी विचारलं नाही कधी मिळेल.

दुपारी कबनूरची आली. त्या मुलाची आई. दरवर्षी ती चटणी माझ्याकडंच कांडून घ्यायची, म्हणून आमची ओळख. बातमी तिलाही पोचली होती, दोन बस बदलून आली होती. तिच्याकडं फोन होता, पण तिकडं लावायला तिला येत नव्हतं आणि लावून देणारी नात कॉलेजात होती. आली आणि दारातच म्हणाली, “आक्का, तुमच्याकडं काय कळलं?”

“न्हाय.”

ती बाकावर बसली. मी तिला पाणी दिलं. सुनेनं चहा केला, तो तिघींनीही घेतला नाही.  मुलगा परत येऊ दे असं मनात म्हटलं की त्याचा दुसरा अर्थ समोरच बाकावर बसलेला होता. तिचंही तेच चालू असणार. ती ओठ हलवत होती आणि माझ्याकडं बघत नव्हती. मीही तिच्याकडं बघितलं नाही.

सुभेदार आले. उभे राहूनच म्हणाले, टीव्हीवर सांगतायत, सगळे अग्निबाण वरच्या वर फोडले, दोस्त देशाचं काहीही नुकसान झालं नाही.

“कायबी न्हाय?” कबनूरची म्हणाली.

“तसं सांगत्यात.”

“मग आमी इथं कशाला बसलोय?”

 सुभेदार म्हणाले, “छावणीचं काय झालं न्हाय, असं म्हणत असतील.” आणि ते पण बसले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा सुनेचा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. तिनं उचलला आणि मोठ्या आवाजावर टाकला. पलीकडून आवाज आला, “आई हाय का तिथं?”

माझा मुलगा होता.

मी अजून तोंड उघडलं नव्हतं तेवढ्यात बाकावरची उठली. तिनं पाण्याचा तांब्या नीट कोपऱ्यात ठेवला, पिशवी घेतली, चप्पल घातली. एक चप्पल उलट्या पायात गेली, ती काढून परत घातली. सुभेदार म्हणाले, “थांबा, मी सोडतो.” ती म्हणाली, “बस हाय.” आणि मग ती जागेवरच उभी राहिली, कारण फोनमधला आवाज बोलत होता आणि तिला तो ऐकायचा होता.

मुलगा म्हणाला, भोंगा वाजला आणि दोघंही उठले. कबनूरचा पलंगाखाली गेला, सांगितलं होतं तसा. “मी भाईर गेलतो,” तो म्हणाला. “का गेलतो मला म्हाईत न्हाय. मोकळ्यात जाऊन उभा राह्यलो. त्यो आतनं वरडत हुता, आत ये येड्या, आत ये. मी हात वर करून उभा. फडकंबी हुतं हातात.”

त्याच्या मागंच खोलीवर पडलं. स्फोटाच्या वाऱ्यानं तो लांब फेकला गेला, हात भाजला, कानात अजून आवाज येत होता. त्याला गाडीत घालून दुसऱ्याच दवाखान्यात नेलं, म्हणून तो कुणाला दिसला नाही. फोन खोलीतच राहिला होता.

“पडलं ते कुणाचं हुतं?” सुभेदारांनी विचारलं. “आलेल्याचं, का फोडणाऱ्याचं?”

“कुणी सांगत न्हाय. तुकडा त्यांनी लगेच उचलून नेला.”

कबनूरचीनं फोनकडं तोंड करून विचारलं, “त्याला कळलं का रं?”

 तो म्हणाला, “चाची, त्यो मला हाका मारत हुता. तवा जित्ता हुता.”

सुभेदारांनी तिला आपल्या गाडीवरून कबनूरला सोडलं. मी पण गेले, रिक्षानं मागून. तिच्या दारात माणसं जमली होती. मी तिथं भांडी घासली.

नंतर पुष्कळ लोकांनी मला समजावून सांगितलं. कुणी म्हणालं, मोठा देश नसता तर तो सगळा मुलूख जळला असता, त्यानं वाचवलं. कुणी म्हणालं, त्याची छावणीच तिथं नसती तर कुणी बाण मारलाच नसता. मला दोन्ही खरी वाटतात, आणि दोन्ही खरी असतील तर पुढं काय म्हणायचं ते येत नाही. मला माळा आठवतो, आमच्या वावरातला. त्या माणसानं आमची कणसं राखली, हे खरं. पण तो हाळी द्यायचा आणि थांबून बघायचा, बाई उठते का. इथं हाळी झाली, माझा मुलगा रीतीनं उभा राहिला, पण वरून बघणारं कुणी नव्हतं. तो उभा राहिला म्हणून वाचला असं नाही. बाहेर होता म्हणून वाचला. ज्यानं सांगितलेलं ऐकलं तो आत होता. ह्यातनं मुलांना काय शिकवायचं, उभं राहा म्हणायचं की आत बसा, हे मला आजही सांगता येणार नाही.

पोराच्या चाळीसाव्याच्या आधी कबनूरची डंकावर आली. चटणी कांडून न्यायची होती, जेवण घालायचं होतं. मिरची पत्र्यावर ओतली आणि म्हणाली, “आक्का, तुमाला लोक सगळं सांगत्यात. माझ्या पोराला मारलं कुणी?”

“मला न्हाय कळलं,” मी म्हणाले.

“सुभेदारास्नी?”

“त्यास्नीबी न्हाय.”

“बरं,” ती म्हणाली. “बारीक कांडा.”

मी डंक चालू केला. माझा मुलगा पावसाळ्याआधी घरी आला. उजवा हात मिटत नाही आणि एका कानानं ऐकू येत नाही. त्या खोलीत दोघं राहत होते. माझा जगला.