गालातली लवंग

एस्तेरबाई ऐकून घेण्याच्या सेवेत बसणार म्हटल्यावर लातूरच्या छोट्याशा ख्रिस्ती मंडळीत आधी हशाच पिकला. सरकारी दवाखान्यात तीस वर्षं आया म्हणून राबलेल्या या बाईंचं तोंड बंद असलेलं कुणी पाहिलं नव्हतं. पाळकांचं प्रवचन लांबलं, तर मागच्या रांगेतून खाकरून ते संपवायला लावणाऱ्या त्याच.

पण पाळकांनी त्यांनाच निवडलं. लातूरचा जिल्हा होऊन चार वर्षं झाली होती. कलेक्टर कचेरी आली, नव्या पाट्या रंगल्या, पाऊस तेवढा यायचा राहिला होता. गावोगावची माणसं दाळ मिलच्या मागं पालं ठोकून राहत होती. चर्चच्या कुंपणाला लागून टँकर यायचा, आणि रांगेतली एखादी बाई घागर टेकवून उभ्याउभ्या रडायला लागायची. म्हणून पाळकांनी व्हरांड्यात बाकडं टाकलं आणि मंडळीतली सहा माणसं पाळीपाळीनं तिथं बसवली. येईल त्याचं ऐकायचं. उपदेश करायचा नाही, जातधर्म विचारायचा नाही, आणि ऐकलेलं कुणाला सांगायचं नाही.

एस्तेरबाईंनी स्वतःपुरता एक तोडगा काढला. बाकड्यावर बसताना त्या गालात लवंग धरत. बोलावंसं वाटलं की ती चावायची; जीभ चुरचुरली की बाई गप्प. आणि खरं सांगायचं तर त्यांच्याइतकं चांगलं दुसरं कुणी ऐकत नव्हतं. त्यांच्या पाळीच्या मंगळवारी बाकड्यापाशी माणसं थांबून राहत.

अशाच एका मंगळवारी देवणीकडची कोंडाबाई आली. मिलमध्ये दाळ पाखडायची, नवरा ज्ञानोबा तिथंच पोती उचलायचा. म्हातारी सासू गावाकडं राहिली होती, ती महिन्यापूर्वी वारली.

“तापानं गेली म्हणत्यात समदे,” कोंडाबाई म्हणाली. “पर निरोप आला होता मला. यष्टीच्या कंडक्टरनं सांगितला. म्हातारीच्या घरातलं पानी सरलं, शेजारी बी गाव सोडून चालले, घिऊन जा म्हनून. मी मालकाला सांगितलंच न्हाई. खाडा झाला तर मिलवाले काडतीन, आयतवारी जाऊ म्हनलं. शुक्रवारी ती गेली. आता घोट घशाखाली उतरंना, बाई.”

एस्तेरबाईंनी लवंग इतकी चावली की डोळ्यांत पाणी आलं. कोंडाबाई अर्धा तास रडली, पदरानं तोंड पुसलं आणि हलकी होऊन गेली.

बुधवारी संध्याकाळी प्रार्थनासभा होती. तिथं ज्याच्या मनात जे असेल ते त्यानं डोळे मिटून मोठ्यानं देवापुढं मांडायचं, अशी रीत. एस्तेरबाईंच्या मनात कोंडाबाईशिवाय काही नव्हतंच. प्रार्थनेला कुणी लवंग घेऊन बसत नाही. आणि देवाशी बोललेलं म्हणजे काही माणसांना सांगितलेलं नव्हे, असं त्यांना अगदी मनापासून वाटलं. “हे प्रभू, सासूच्या पाण्याचा निरोप जिनं पोटात ठेवला, त्या मिलमधल्या देवणीच्या लेकराला क्षमा कर,” त्या कळवळून म्हणाल्या. नाव घेतलं नाही, म्हणजे आपण नियम पाळला, असंही त्यांना वाटलं!

चटईवर त्यांच्या शेजारी सिंधु बसली होती. सिंधु त्याच मिलमध्ये कोंडाबाईच्या बाजूला दाळ पाखडायची.

शुक्रवारपर्यंत मिलभर झालं. ज्ञानोबानं बायकोवर हात उचलला नाही, शिवी दिली नाही. फक्त तिच्या हातचं पाणी पिणं सोडलं. तिनं तांब्या पुढं केला की तो उठून टँकरच्या तोटीला तोंड लावायचा, चारचौघांदेखत. चौथ्या दिवशी कोंडाबाई नायगावला भावाकडं निघून गेली.

एस्तेरबाईंना हे कळलं तेव्हा त्या तडक निघाल्या. पाळकांपुढं जाऊन म्हणाल्या, “मला काढा. माझ्या जिभेनं घर मोडलं.” पाळक म्हणाले, “मंगळवारी बसा. कुणी आलं नाही तरी बसा.”

आलं कोण, तर ज्ञानोबा. एस्तेरबाईंना वाटलं, आता हा चार शब्द सुनावणार. तो खाली मान घालून बाकड्यावर बसला.

“निरोप मला बी आला होता,” तो म्हणाला. “ट्रकवाल्याच्या हाती. मला वाटलं, तिला बी कळलं आसंल, जाईल ती. म्हाजी आई, बाई. आन् मीच गेलो न्हाई.” मग उठता उठता म्हणाला, “कुनाला सांगू नका. देवाला बी नका सांगू.”

दुसऱ्या दिवशी एस्तेरबाई एसटीनं नायगावला गेल्या. गालात लवंग होती. दारात उभं राहून त्यांनी कोंडाबाईपुढं हात जोडले. “चुकले गं मी.”

कोंडाबाईनं त्यांच्यामागं रस्त्यावर पाहिलं. मग हळूच विचारलं, “मालक कायी म्हनले का?”

सांगावं, एका वाक्यात सांगावं, ही आत्ता सामान बांधेल, असं एस्तेरबाईंच्या अगदी ओठांवर आलं. लवंगेचा पार चुरा झाला.

“आता बरं तोंड मिटलं तुमचं!” कोंडाबाई म्हणाली आणि वळली.

“कोंडा, तुझ्या हातचं पाणी दे मला.”

तिनं तांब्या आणून दिला. तो एस्तेरबाईंनी दारातच, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला.

लातूरला उतरल्या त्या थेट मिलच्या दारात. ज्ञानोबा पाठीवर पोतं घेऊन चालला होता. “तुझ्या बायकोच्या हातचं पाणी पिऊन आले,” त्या म्हणाल्या. एवढंच सांगण्याचा त्यांना हक्क होता. त्यानं वर पाहिलं नाही.

चार दिवस तो कामावर दिसत राहिला, पाचव्या दिवशी दिसला नाही. आठवड्यानं दोघं नायगावहून बरोबर आली. तिथं तो काय बोलला, हे एस्तेरबाईंनी कधी विचारलं नाही.

कोंडाबाई मात्र त्या बाकड्यावर पुन्हा बसली नाही. टँकरच्या रांगेत समोरासमोर आल्या तरी ती तोंड फिरवायची. सिंधु एकदा म्हणाली, “लईच अकड हाय की तिला. तुमच्यामुळंच तर परत आली.”

“माझ्यामुळंच गेली होती,” एस्तेरबाई म्हणाल्या, आणि पदराच्या गाठीतली लवंग काढून गालात धरली.