उजव्या पायात एक, डाव्या पायात दुसरा

सकाळी दारात कुरिअरचं खोकं येऊन पडलं होतं. झाकण उघडून आतला पातळ, कुरकुरणारा कागद बाजूला सारला आणि नव्याकोऱ्या रबराचा तो किंचित उग्र, किंचित गोडसर वास नाकात शिरला. मोगऱ्याच्या वासानं कुणाला माहेर आठवतं, कुणाला कॉलेजातले दिवस. मला धावायच्या बुटांच्या वासानं सासू आठवते. काव्याच्या दृष्टीनं ही फारशी अभिमानाची गोष्ट नाही, पण नाकापुढे इलाज नसतो.

तेव्हा आम्ही हूफडॉर्प या डच गावात नवे होतो. नवऱ्याच्या नोकरीच्या शेपटाला धरून मी या देशात आले आणि बऱ्याच खटपटीनंतर मलाही झुइडास या ऑफिसांच्या भागातल्या एका काचेच्या मनोऱ्यात नोकरी लागली. तिथली माणसं जेवणाच्या सुट्टीत जेवत नसत, धावत. एका हातात कोरडा ब्रेड आणि अंगात अर्धी चड्डी, एवढ्यावर त्यांचं समाधान होई. डबा उघडून भेंडीची भाजी खाणारी मी त्यांच्यात अगदीच उपरी दिसायला लागले, तेव्हा एका भावनाविवश क्षणी ऑफिसच्या शर्यतीत नाव देऊन बसले. बूट घेतले ते रंग बघून. मोरपंखी होते आणि माझ्या एका कुर्त्याला जुळत होते. पंधरवड्यात अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. हाउसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे गेले, तर त्यानं नखाकडे प्रेमानं पाहिलं आणि पॅरासिटामॉल घ्यायला सांगितलं. इथे या गोळीवर लोकांची जी श्रद्धा आहे, ती आपल्याकडे अंगाऱ्यावरही नसेल.

त्याच सुमारास सासूबाई आल्या. सासरे जाऊन वर्षही झालं नव्हतं. सांगलीच्या घरात एकट्या कशा राहतील म्हणून मुलानं जवळजवळ उचलूनच आणलं होतं. पण इथे आल्यापासून त्या हॉलच्या मोठ्या खिडकीशी खुर्ची ओढून बसल्या त्या बसल्याच. "इथं माणसं राहतात का नुसत्या सायकलीच?" एवढाच त्यांचा या देशाबद्दलचा अभिप्राय. बाहेर चला म्हटलं की पाय पुढे करत. बूट त्यांनी जन्मात घातले नव्हते, चपलेत गारठा शिरे, म्हणून लोकरी मोज्यांना कात्रीनं अंगठ्यापाशी चीर देऊन त्यांनी चपलेची सोय केली होती. त्या चिरेतून नेमका वारा आत येई. रोज रात्री पानावर बसलं की मुलाला विचारत, "परतीचं तिकीट अलीकडं ओढता येतं का रे?" तो "बघतो" म्हणून आमटीत बघत राही. आणि खरं सांगायचं तर, आम्हां दोघींना एकमेकींशी काय बोलावं हेच कळत नव्हतं. लग्न झाल्यापासून आमचं बोलणं मीठ, मुलं आणि मुहूर्त यांच्यापलीकडे गेलंच नव्हतं.

एका शनिवारी नवऱ्याला ऑफिसचं काम निघालं आणि मला जवळच्या हार्लेम शहरात बुटांच्या दुकानात जायचं होतं. त्यांना एकटं कसं ठेवायचं, म्हणून बसमध्ये हीटर असतो या आमिषावर बरोबर घेतलं. दुकान नदीकाठच्या एका गल्लीत होतं. दुकानदार पिकल्या केसांचा, खांबासारखा उंच. मला वाटलं माप विचारेल आणि खोकी काढेल. त्यानं मला थेट ट्रेडमिलवर चढवलं, पायांपाशी कॅमेरा लावला आणि जरा पळायला सांगितलं. मग पडद्यावर माझ्याच घोट्यांचा संथ गतीतला चित्रपट दाखवत गंभीरपणे म्हणाला, "तुमचा पाय आत पडतो."

सासूबाई बाकावर बसल्या होत्या. "काय म्हणतोय?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"त्यात पडद्यावर बघायचं काय? माप ओलांडताना तुझ्या पायानं तांदूळ पार सोफ्याखाली गेले होते. मी तेव्हाच ह्यांना म्हटलं होतं, पाऊल जरा तिरकं आहे."

दुकानदाराला त्याचं भाषांतर हवं होतं. मी त्याला म्हटलं, त्या तुमच्याशी सहमत आहेत. तो इतका खूश झाला, की त्यानं त्यांच्याही पायांकडे पाहिलं, मोज्यांची चीर पाहिली आणि आतून एक जोड आणला. भडक नारिंगी, रस्त्यावर काम चालू असल्याच्या पाटीसारखा. सासूबाईंनी आधी "मी काय चोर आहे पळायला?" म्हणून हात झटकले. पण त्यांनी पाय आत घातला मात्र, आणि चेहऱ्यावर काहीतरी हललं. उभ्या राहिल्या. चवड्यांवर जरा दाबून पाहिलं. "कापसावर उभं राहिल्यासारखं वाटतंय गं," म्हणाल्या. दारापर्यंत चालून बघा, असं दुकानदारानं खुणेनं सांगितलं, आणि माझ्या उजव्या पायात एका जातीचा आणि डाव्यात दुसऱ्या जातीचा बूट चढवून तो मला त्यांतला फरक समजावू लागला. टाचेखालची गादी, तळव्याचा आधार, पुढे बोटांना अंगठाभर मोकळी जागा. मी भक्तिभावानं ऐकत होते. वर पाहिलं तर दार सताड उघडं आणि सासूबाई नाहीत.

गल्लीत डोकावले. डावीकडे नाहीत, उजवीकडे नाहीत. फोन त्यांच्याकडे नव्हता, भाषा नव्हती, घराचा पत्ता पाठ नव्हता. मी पळत सुटले. मागून दुकानदारही आला, हातात माझा जुना मोरपंखी बूट तसाच. कोपऱ्यावर वळले, नदीकाठाला लागले, आणि लांब पुलापलीकडे ती नारिंगी ठिणगी दिसली. जांभळी साडी, निऱ्या घोट्याच्या वर खोचलेल्या, आणि खाली ते बूट. "आई!" म्हणून मी ओरडले, आणि तेवढ्यात घंटा वाजू लागली, फाटक खाली आलं, आणि एका शिडाच्या होडीला वाट द्यायला पूल सावकाश आभाळाकडे उचलला गेला.

होडीवाल्याला कसलीही घाई नव्हती. या तीरावर धापा टाकणारी मी आणि बूट उंचावलेला दुकानदार, त्या तीरावर सासूबाई. त्यांनी आम्हांला पाहिलं आणि हात हलवला. भ्यालेल्या माणसाचा नव्हता तो हात. जत्रेतल्या पाळण्यात बसलेलं माणूस हलवतं, तसा होता.

पूल खाली आल्यावर मी जवळजवळ रडतच त्यांच्यापाशी पोचले. "आई, अहो सांगायचं तरी! मी किती घाबरले!"

"दारापर्यंत जा म्हणाला, गेले. मग वाटलं कोपऱ्यापर्यंत जावं," त्या म्हणाल्या. मग पाण्याकडे बघत, जरा हळू आवाजात, "हे कायम चार पावलं पुढं चालायचे. जन्मभर ह्यांच्या सदऱ्याच्या पाठीकडं बघत चालले. आज पुढं कुणीच नव्हतं. आधी रडू आलं, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, आलेच आहे तर पूल तरी बघून येऊ."

मी त्यांचा हात धरला. पहिल्यांदाच, बहुतेक. दुकानदार मात्र वाकून माझ्या पायांकडे बघत होता. "तुम्ही उत्तम धावलात," तो म्हणाला. "डाव्या पायातला. तो घ्या." दुकानात परतून पैसे दिले आणि आम्ही दोघी आपापले नवे जोड घालूनच घरी आलो. बसमध्ये समोरच्या डच आजीबाईंनी साडीखालचे बूट पाहून अंगठा उंचावला, तर सासूबाईंनी तितक्याच गांभीर्यानं आपलाही उंचावला.

त्या उन्हाळ्यात रात्री दहापर्यंत उजेड असे आणि आम्ही कालव्याकाठानं चालत असू. समोरासमोर बसून जे कधी जमलं नव्हतं, ते शेजारी शेजारी चालताना सहज जमून गेलं. नजरेला नजर द्यावी लागत नाही, म्हणून असेल. त्यांना शाळेत लंगडीत बक्षीस मिळालं होतं, हे त्यांच्या मुलालाही ठाऊक नव्हतं. तिकिटाचा विषय जेवणाच्या पानावर पुन्हा निघाला नाही. ऑफिसच्या शर्यतीत मी शेवटून तिसरी आले, आणि त्या रस्त्याकडेला उभ्या राहून "अगं, पाय बाहेर टाक!" म्हणून मराठीत ओरडत होत्या.

त्या केव्हाच सांगलीच्या घरी परतल्यात; गेल्या हिवाळ्यात मी तिकडे गेले होते. त्यांचे गुडघे आता कुरकुरतात आणि नाडी बांधायला वाकता येत नाही. सकाळी फिरायला निघताना मी खाली बसून त्यांच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, तर पायाला हात लागताच त्यांनी सवयीनं माझ्या डोक्यावर हात ठेवून "अखंड सौभाग्यवती भव" म्हणून टाकलं. आम्ही दोघी हसून हसून दारातच बसलो. मग निघालो. दर विजेच्या खांबापाशी त्या थांबत, श्वास घेत, पुन्हा निघत. माझी पावलं सारखी पुढे जात आणि मी ती मागे घेई. धावायला मी कशीबशी शिकले, त्याला शिकवणारे पुष्कळ भेटले. इतकं हळू चालायचं कसं, ते मला अजून नीटसं येत नाही. त्या मात्र मला घाई करत नाहीत.