चंद्रावरून परतलेला कप्तान

"सिनेमा अगदी पुस्तकासारखाच असणार, सगळे चला," असं मी चाळीत सांगून बसलो आणि मध्यंतरात मला घाम फुटला. संचारबंदीच्या संध्याकाळी फणसवाडीत चंद्रप्रवासाची ती इंग्रजी कादंबरी मीच शेजाऱ्यांना तोंडी ऐकवली होती. कादंबरीत कप्तान चंद्रावरच मरतो. पण ऐकायला बसलेल्या काकूंचा मुलगा संयुक्त महाराष्ट्रासाठी तुरुंगात गेला होता, म्हणून मी कप्तानाला सुखरूप घरी आणलं होतं. हे मी साफ विसरलो होतो, आणि मुलगा तर अजून सुटला नव्हता.

मध्यंतरानंतर मी पडदा पाहिलाच नाही. पुढच्या रांगेतला काकूंचा अंबाडा पाहत चुळबुळत राहिलो. कप्तान मेला तेव्हा अंबाडा हललासुद्धा नाही.

बाहेर पडल्यावर शेजारी म्हणाला, "यान झकास, पण शेवट पार फुसका!"

"मेल्यांनी पुस्तक धड वाचलेलंच नाही," काकू म्हणाल्या. "पुस्तकात येतो तो परत. हो की नाही रे?"

"येतो तर!" मी म्हणालो.

घरी आल्यावर बायको म्हणाली, "चंद्रावरून आलेला साहेब आईकडे पिठलं-भात मागतो, तेव्हाच मी ओळखलं होतं. पण त्या दिवशी काकू कितीतरी दिवसांनी पोटभर जेवल्या, म्हणून गप्प बसले."