मुळांवरच्या गुलाबी गाठी

वेलाच्या मुळावरची मोहरीएवढी गाठ आईने नखाने चिरली आणि आत फिकट गुलाबी रंग दिसला... ओल्या मातीचा वास, तिच्या बोटाला लागलेला तो ओलावा आणि "जिवंत आहेत नं" म्हणतानाचा तिचा चेहरा – कोथरूडच्या घराची माझी पहिली आठवण हीच.

आई नागपूरकडची, इथे शाळेत विज्ञान शिकवायची. तिकडचे पोपटाचे, म्हणजे वालासारख्या शेंगांचे, दाणे मंडईत मिळत नाहीत आणि पावट्याला ती चव नाही, ही तिची कायमची तक्रार. म्हणून मामाने शेतातलं मूठभर बी दिलं आणि आमच्या तळमजल्याच्या खिडकीखाली वेल चढला. थंडीत शेंगा सोलताना घरभर हिरवा, किंचित उग्र वास पसरायचा, आणि तेवढे दिवस आई माहेरी असल्यासारखी गुणगुणायची. पुढे मामा गेला, शेत विकलं गेलं. बी उरलं ते आमच्याच डब्यात.

त्याच वर्षी बाबांनी स्कूटर घेतली. रोज सकाळी वेलाशेजारी ती तिरकी करायची, किक मारायची आणि इंजिन तापेपर्यंत निळसर धुरात कौतुकाने उभं राहायचं... हळूहळू पानांवर पिवळे ठिपके उमटले, फुलं गळू लागली. बाबांनी खत आणलं. आईने सरळ एक रोप उपटलं.

"पोस्टमॉर्टेम का?" शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं.

गाठी मोजक्याच, आतून राखाडी. आईने बाबांना बोलावून वर्गात सांगावं तसं सांगितलं – धुराने पानं भाजली, की मुळांना साखर पोचत नाही. गाठींतले जिवाणू उपाशी राहतात, मग वेलाला हवेतला नत्र कोण पुरवणार? आणि मग तिचा आवाज उतरला. "अहो, हे बी आता तिकडेही नाही."

दुसऱ्या दिवसापासून बाबा स्कूटर फाटकाबाहेर ढकलत नेऊन रस्त्यावर सुरू करू लागले. नवी कोरी गाडी ढकलता कशाला, असं काकूंनी हटकलंच.

"खाली मंडळी जेवताहेत," बाबा वेलाच्या मुळाकडे बोट दाखवत म्हणाले.

त्या थंडीत शेंगा धरल्या, बेताच्याच. एकदा भाजी झाली, बाकी बी राखलं. असे काही हिवाळे निघाले. मग रस्ता रुंद झाला, कंपन्यांच्या बसगाड्या पहाटेपासून धावू लागल्या, दारोदारी दोन-दोन गाड्या आल्या... आणि एका वर्षी आईने डब्यातलं सगळं बी पेरलं, पण एकही शेंग धरली नाही. वेलाचा मांडव तिने स्वतःच उतरवला.

बाबा मात्र निवृत्त होईपर्यंत स्कूटर फाटकाबाहेर ढकलतच नेत राहिले.