मांडवातली मच्छरदाणी

बोगादीतले आमचे शेजारी सरगूरकडच्या जंगलात राखणदार आहेत. हत्ती आला तर डबा बडवत पुढे होतात, पण दिवेलागणीला पायांत मोजे चढवून कडुनिंबाचं तेल असं फासतात की जवळ उभ्या माणसाच्या डोळ्यांत पाणी येतं.

माझ्या मुलीच्या लग्नात ते मांडवाच्या कोपऱ्यात मच्छरदाणी बांधून आतच जेवायला बसले. वाढप्याने जाळीखालून लाडू सरकवले.

"नवरी इकडं जाळीत बसलीय की!" मी ओरडलो. सगळा मांडव हसला. हत्तीला न भिणारा माणूस डासाला भ्याला, असं गल्लीत अजून सांगतात.

ते खोटं आहे. मी जाळीशी वाकलो तेव्हा ते कुजबुजले होते, "अय्यो, सुम्निरी अण्णा, गप्प बसा! मला मलेरिया झालाय, गोळ्या चालू आहेत. मला चावलेला डास पुढं तुमच्या पाहुण्यांना चावायचा. कुणाला सांगू नका, लोक पानावरून उठतील."

पानावरून कुणी उठलं नाही. नंतरही मी गप्पच राहिलो, कारण गोष्ट फार रंगत होती.

आजही ती निघाली की सर्वांत मोठ्याने तेच हसतात. फक्त माझ्याकडे बघत नाहीत.