मुराळ्याविना माहेर

मातृभाषा हीच माणसाची खरी सीमा, असं वडील म्हणत आणि म्हणताना चष्मा काढून हातात धरत. ते आमच्या गावच्या मराठी शाळेचे एकटे शिक्षक. निजामाचं राज्य जाऊन थोडीच वर्षं झाली होती आणि आता राज्यांची नवी वाटणी होणार होती. बेला गावाकडचा आमचा पट्टा पैनगंगेपलीकडच्या मराठी मुलखाला जोडला नाही, तर शाळा तेलुगू होईल आणि आपण घरी बसू, अशी धास्ती त्यांनी घेतली होती. म्हणून निवडणुकीत जोडणी मागणाऱ्या उमेदवाराचं भाषण त्यांनीच लिहून दिलं.

सभा कापसाच्या हंगामात झाली. उमेदवार भरल्या गाडीवर उभा राहिला. संध्याकाळच्या पिवळ्या उजेडात कापसाचे तंतू तरंगत होते, बैल डोळे मिटून रवंथ करत होते, आणि आवाज पाण्याखालून यावा तसा येत होता. पाय कापसात रुतून प्रत्येक वाक्यागणिक तो थोडा बुटका होत होता.

"नदीपलीकडं आपलं माहेर आहे," तो म्हणाला. "माहेरी चला."

वडिलांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.

माहेराहून न्यायला येतो तो मुराळी. तो आल्याशिवाय आमच्याकडं सासुरवाशीण उंबरा ओलांडत नसे. माझी आत्या नवऱ्याला सोडून कायमची आमच्याकडं आली होती, तीही मुराळ्याविना. ती बायकांतून शांतपणे उमेदवाराला म्हणाली, "न्याले कोन आलं हाय, भाऊ? अन् माहेर चार दिसाचं असते. मंग भावजय भांडे आपटाले लागते."

भावजय म्हणजे माझी आई. ती शेजारीच बसली होती. तिनं पदर सावरला आणि सगळ्यांच्या आधी हसली. मग बायकांची सगळी बाजू हलली. उमेदवार म्हणाला, ही बोलायची रीत असते, बाई. पण तोवर तो गुडघ्यापर्यंत आत गेला होता.

आठवड्याच्या बाजारात, आहोत त्याच राज्यात राहू म्हणणाऱ्या दुसऱ्या उमेदवारानं सांगितलं की आपण या घरची थोरली सून, किल्ल्या आपल्याच कमरेला. किल्ल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. गावाची मतं त्याला पडली. वडील कितीतरी दिवस आत्याशी फक्त आईमार्फत बोलत होते.

सीमा पुढं दिल्लीत ठरली. ठरवणाऱ्यांनी ना माहेर विचारलं ना किल्ल्या. गाव अलीकडंच राहिलं, शाळा मराठीच राहिली, आणि वडील तिथूनच निवृत्त झाले.