उन्हावर शिजलेला भात

धूर बंद करा, असं डॉक्टरांनी माझ्या धाकट्या बहिणीला सांगितलं, जणू ती विड्याच ओढत होती. तिला दमा होता आणि धूर सासरच्या चुलीचा होता. मुरबाड तालुक्यात म्हसा गावाच्या पलीकडच्या त्या खेड्यात नव्वदीच्या दशकात गॅस पोचला नव्हता. धाप लागून ती चुलीपुढेच आडवी झाली, तेव्हा सासूने तिला शहापूरला आमच्याकडे आणून सोडलं. "चुलीम्होरं बसाया लागली का धाडा," म्हणाली. नवरा काही बोलला नाही. तो भला माणूस होता, आणि भल्या माणसांना वेळेवर काही न बोलण्याची सवय असते.

सूर्यचूल मी तालुक्याला एका प्रात्यक्षिकात पाहिली होती. मांडव होता, हार होते, भाषणं होती. सूर्य हेच उद्याचं भविष्य, हे प्रत्येकाने सांगितलं. मांडवाची सावली नेमकी चुलीवर पडल्याने डाळ कच्ची राहिली आणि पाहुण्यांना हॉटेलातून मागवलेला पुलाव वाढला गेला. गर्दी पुलावाकडे गेल्यावर मी ती पेटी आतून नीट बघून घेतली.

घरी मोठ्या खोक्यात लहान खोका बसवला आणि मधल्या फटीत भाताचा तूस ठासला. पानाच्या टपरीवरून सिगारेटच्या पाकिटांतले चंदेरी कागद गोळा केले. बहिणीने ते खळीने आतून चिकटवले. वर जुन्या कपाटाची काच, झाकणाला आरसा, आत काळा केलेला डबा. ऊन सरकेल तसा ती खोका फिरवत बसायची. पहिल्या दिवशी गिचका झाला. पाणी कमी केल्यावर भात मोकळा उतरला. तिने शीत बोटांत दाबून पाहिलं.

"दादा, आता मला नेतील ना रे?"

नेतील, मी म्हणालो. मलाही तसंच वाटत होतं.

खोका मांडीवर घेऊन आम्ही मुरबाडपर्यंत एसटीने आणि पुढे जीपने गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळीच तिने अंगणात खोका मांडला. शेजारच्या बाया जमल्या. "आत इस्तू हाय का गो?" एकीने काचेला हात लावून पाहिला आणि झटकन मागे घेतला. दुपारी भात आणि डाळ दोन्ही झाली. सासूने चव घेतली.

"ब्येस झालंय," ती म्हणाली. "आन् भाकरी?"

तांदळाची भाकरी तव्यावर भाजून विस्तवावर फुगते. खोक्यात पीठ फार तर वाळलं असतं. भात-डाळ शिजवण्याच्या नादात हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

"भाकरी तुमी भाजा," मी म्हणालो. "बाकीचं ती रांधेल."

"सून काय निम्मी आनली व्हती, पावणं?" मग तिने पदराने डोळे पुसले. ते कायमच लाल असत. "माजा जलम गेला या धुरात. मला कुनी खोका करून दिला?"

 

बहीण उठली आणि चुलीपुढे जाऊन बसली. पहिली भाकरी टम्म फुगली. दुसरी थापता थापता तिला खोकला आला, आणि मग तो थांबेना. तिचे ओठ काळेनिळे पडले. मी तिला धरून अंगणात आणलं. तवा तसाच तापत राहिला. शेवटी सासूने उठून भाकरी उलथली.

त्याच दुपारी मी बहिणीला घेऊन परत निघालो. तिच्या नवऱ्याने जेवताना दोनदा भात मागून घेतला होता. हात धुऊन त्याने खोका उचलला आणि जीप थांबते तिथपर्यंत आमच्यासोबत आला.  त्याने खोका जीपच्या टपावर चढवला, काच फुटू नये म्हणून खाली पोतं घातलं, दोरीने घट्ट बांधला. इतक्या मायेने कुणी सामान बांधलेलं मी पाहिलेलं नाही.

जीप सुरू झाल्यावर बहिणीने मान बाहेर काढली.

"वाल भिजत घातलेत मी सकाळी," ती त्याला म्हणाली. "रातच्याला फडक्यात बांधाया सांगा आईंना. नायतर मोड नाय येयाचे."

त्याने मान डोलावली.